सुपरहिरोचे मरण आणि तिकीटबारीचे गणित

‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ हा चित्रपट एप्रिल २०१९ मध्ये प्रदर्शित होण्याच्या सुमारास त्याच्या दिग्दर्शकांनी, म्हणजे रुसो बंधूंनी, चाहत्यांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले. ज्यांनी चित्रपट आधी पाहिला असेल त्यांनी त्याचा शेवट इतरांना सांगू नये, एवढीच त्या पत्रातील विनंती होती. कथा पाठ असूनही कीर्तनाला आणि दशावताराला गर्दी करणाऱ्या समाजाला ही विनंती काहीशी चमत्कारिक वाटावी. परंतु तिच्यामागे मोठा हिशेब होता. प्रदर्शनाच्या पहिल्या काही दिवसांतच या चित्रपटाने जगभरात सुमारे १२० कोटी डॉलर मिळवले, आणि एकूण कमाई २७९ कोटी डॉलरवर गेली. भारतात तो इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ आणि तेलुगू भाषांत आला. मराठीत आला नाही. तरीही त्याने येथे ३५० कोटी रुपयांहून अधिक व्यवसाय केला. लोक इतक्या घाईने तिकीटबारीवर धावले, कारण अकरा वर्षे चाललेली एक गोष्ट संपणार होती, आणि ती कशी संपते हे त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे नव्हते.

सुपरहिरोपटांच्या यशापयशाची चर्चा बहुधा ‘लोकांना आता कंटाळा आला’ या एका वाक्यात आटोपली जाते. आम्हांला ही मीमांसा अपुरी वाटते. या चित्रपटप्रकाराच्या इतिहासाकडे साहित्याच्या अभ्यासकाच्या नजरेने पाहिले, तर त्याच्या मुळाशी एक जुना पेच दिसतो. चाहत्याचा उत्साह गोष्टीला शेवट आहे या विश्वासावर उभा असतो. मालकाचे उत्पन्न मात्र गोष्ट कधीच न संपण्यावर अवलंबून असते. या दोहोंचा मेळ जेथे बसला तेथे मालिका टिकल्या, आणि जेथे बिघडला तेथे त्या कोसळल्या. हा पेच चित्रपटाहून जुना आहे. म्हणून आरंभ थोडा मागून करावयास हवा.

डिसेंबर १८९३ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधील एका धबधब्याच्या कड्यावरून नाहीसे केले. वाचक हळहळले, संतापले. डॉयल यांना इतर लेखनासाठी मोकळीक हवी होती आणि होम्स त्यांचा स्वतःचा होता. म्हणून ते त्याला मारू शकले. याच काळात आपल्याकडे हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून क्रमशः येऊन १८९३ मध्ये ग्रंथरूप झाली होती. हरिभाऊ स्वतःच त्या साप्ताहिकाचे संपादक असल्यामुळे यमूची कहाणी केव्हा आणि कशी संपवायची, हा निर्णय सर्वस्वी त्यांचा होता. क्रमशः लेखनात वाचकाची उत्कंठा ताणली जाते. परंतु लेखक मालक असेल तर ती शेवटी एखाद्या अर्थाला जाऊन भिडू शकते. डॉयल यांना पुढे वाचकांच्या आणि प्रकाशकांच्या आग्रहापुढे नमते घ्यावे लागले. १९०१ मध्ये त्यांनी होम्सची एक मागील काळातील कथा लिहावयास घेतली, आणि १९०३ मध्ये तर त्याला जिवंतच परत आणले. मेलेला नायक तिकिटाच्या वा वर्गणीच्या बळावर उठून बसतो, याचा हा आधुनिक काळातील ठळक दाखला.

सुपरमॅनची गोष्ट याहून वेगळी झाली. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी निर्मिलेला हा नायक जून १९३८ असा दिनांक असलेल्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला. त्याचे सर्व हक्क त्यांनी १३० डॉलरला प्रकाशकाला देऊन टाकले होते. त्यामुळे नायक वाढत गेला आणि त्याचे जनक त्याच्या दाराबाहेर राहिले. १९४० मध्ये सीगलने एक कथा लिहिली. तिच्यात सुपरमॅन लोइस लेनला आपली खरी ओळख सांगतो. ती कथा छापली गेली नाही. ओळख उघड झाली असती तर दोघांचे नाते बदलले असते, आणि नाते बदलले की काळ पुढे सरकतो. मालमत्तेला मात्र काळाने स्पर्श करून चालत नाही. पुढे १९७५ मध्ये, सुपरमॅनवरील मोठ्या चित्रपटाची तयारी सुरू असताना, वृत्तपत्रांतून झालेल्या टीकेनंतर वॉर्नर कंपनीने या दोघा वृद्ध कलावंतांना वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलर आणि श्रेयनामावलीत स्थान देण्याचे मान्य केले.

उंबेर्तो एको यांनी १९६२ मध्ये सुपरमॅनवर लिहिलेल्या निबंधात नेमके या कोंडीवर बोट ठेवले आहे. त्यांचा आशय थोडक्यात असा : पुराणातील नायकाची कथा आधीच घडून गेलेली असते, तर कादंबरीतील नायकाचे उद्या काय होणार हे वाचकाला ठाऊक नसते. सुपरमॅनला एकाच वेळी दोन्ही व्हावे लागते. त्याने पुराणपुरुषासारखे अढळ राहावे आणि तरीही दर आठवड्याला नवी उत्कंठा पुरवावी. पण प्रत्येक कृती माणसाला मृत्यूकडे एक पाऊल नेते. म्हणून त्याच्या कथा जणू स्वप्नात घडतात. प्रत्येक कथा आधीची कथा पुसून सुरू होते. एकोंनी ‘काल्पनिक कथा’ या युक्तीकडेही लक्ष वेधले आहे. अशा कथांत सुपरमॅन विवाह करी, मरेदेखील. परंतु हे खरोखर घडलेले नाही, अशी ग्वाही तेथेच दिलेली असे. आजच्या चित्रपटांतील ‘मल्टिव्हर्स’चे, म्हणजे समांतर विश्वांचे, बीज आम्हांला या युक्तीत दिसते.

खराखुरा मृत्यू विकायला काढल्यास काय होते, याचा प्रयोग चित्रपटांच्या आधी कॉमिक्सच्या बाजारात झाला. नोव्हेंबर १९९२ मध्ये ‘सुपरमॅन’च्या ७५व्या अंकात नायकाला मृत्यू आला. अंक काळ्या वेष्टनात होता; आत दंडावर बांधायची काळी फीत होती. सुमारे ६० लाख प्रती खपल्या. विकत घेणाऱ्यांत वाचक होते, तसे पुढेमागे किंमत वाढेल म्हणून पाच-दहा प्रती घेऊन ठेवणारे सटोडियेही होते. त्याआधी १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’च्या नव्या पहिल्या अंकाच्या, निरनिराळ्या मुखपृष्ठांच्या, ८० लाखांवर प्रती अशाच उचलल्या गेल्या होत्या. १९९३ मध्ये सुपरमॅन परतला. ज्यांनी त्या मृत्यूवर पैसे लावले होते त्यांच्या हाती रद्दी उरली. अमेरिकेतील कॉमिक्सची दुकाने अंक परत न करण्याच्या बोलीवर घेत. पुनरागमनाचे अंक त्यांच्या फडताळांत पडून राहिले. पुढील काही वर्षांत दुकानांमागून दुकाने बंद पडली, आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. या पडझडीला वितरणातील भांडणे आणि कंपनीवरील कर्जे हीदेखील कारणे होती. तरी मुळाशी असलेली चूक साधी होती : चाहत्याच्या एका वेळच्या शोकाला कायमचे उत्पन्न समजले गेले.

चित्रपटांकडे वळताना एक खुलासा आवश्यक आहे. चित्रपटाच्या पहिल्या तीन दिवसांची कमाई ही मुख्यतः चाहत्यांच्या अपेक्षेची कमाई असते. तेव्हा लोकांनी चित्रपट पाहिलेला नसतो. त्यांनी त्याविषयी स्वप्न पाहिलेले असते. दुसऱ्या आठवड्यात मात्र पाहिलेल्यांचे शब्द न पाहिलेल्यांच्या कानावर गेलेले असतात. म्हणून पहिल्या आठवड्याच्या तुलनेत दुसऱ्यात कमाई किती टक्क्यांनी घसरली, हा आकडा आम्हांला एकूण कमाईपेक्षाही बोलका वाटतो. शिवाय जाहीर होणाऱ्या कमाईतील सुमारे निम्मा वाटा चित्रपटगृहांकडे जातो आणि जाहिरातीचा खर्च निर्मितीखर्चात धरलेला नसतो. त्यामुळे खर्चाइतकी कमाई म्हणजे तोटाच असतो.

१९७८ च्या ‘सुपरमॅन’ने जगभरात सुमारे ३० कोटी डॉलर मिळवले. ख्रिस्तोफर रीव्हचा चेहरा आणि त्या नायकाचा भाबडा चांगुलपणा लोकांच्या मनात एकरूप झाला. परंतु नऊ वर्षांनी, १९८७ मध्ये, चौथा भाग आला तेव्हा हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेले होते, खर्चाला कात्री लागली होती, आणि अमेरिकेतील कमाई दीड कोटी डॉलरच्या आसपास थांबली. बॅटमॅनचे वर्तुळ असेच फिरले. १९८९ च्या चित्रपटासाठी मायकेल कीटन या विनोदी नटाची निवड झाली, तेव्हा वॉर्नरकडे निषेधाची सुमारे ५० हजार पत्रे आल्याचे सांगितले जाते. चित्रपटाने ४१ कोटी डॉलर मिळवले. आवाज करणारे चाहते आणि तिकीट काढणारे प्रेक्षक हे एकच नव्हेत, हा धडा त्याच वेळी मिळाला होता. पुढील भाग अधिकाधिक झगमगीत आणि खेळणी विकण्यास सोयीचे होत गेले. जून १९९७ मधील ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ने अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत ४ कोटी २९ लाख डॉलर मिळवले आणि दुसऱ्या आठवड्यात ६३ टक्के घसरण सोसली. आखलेला पुढील भाग गुंडाळण्यात आला. बॅटमॅन पडद्यावर परतला तो २००५ मध्ये.

त्याच वर्षी डिसेंबरात ‘टायटॅनिक’ आला. त्याचे पहिले तीन दिवस २ कोटी ८६ लाखांचे, म्हणजे ‘बॅटमॅन अँड रॉबिन’पेक्षा पुष्कळच कमी होते. नंतर तो सलग पंधरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. जहाज बुडणार हे प्रत्येकाला ठाऊक होते. शेवट गुप्त असण्यापेक्षा तो अटळ असणे प्रेक्षकाला अधिक खोलवर धरून ठेवते, हे या दोन चित्रपटांना शेजारी ठेवल्यावर लक्षात येते. बॅटमॅनच्या जगात काहीच अटळ नव्हते. त्यात कोणी काही गमावणार नव्हते.

दिवाळखोरीच्या आगेमागे मार्व्हलने आपल्या नायकांचे चित्रपटहक्क विकले. एक्स-मेन फॉक्सकडे गेले, स्पायडरमॅन सोनीकडे. २००२ च्या ‘स्पायडरमॅन’ने अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत ११ कोटी ४८ लाख डॉलर मिळवले. दहा कोटींचा उंबरठा ओलांडणारा तो पहिला चित्रपट होता. आणि दुसऱ्या आठवड्यातील त्याची घसरण केवळ ३८ टक्के होती. हा नफा दुसऱ्यांच्या घरी जात असल्याचे पाहून मार्व्हलने २००५ मध्ये धाडस केले. मेरिल लिंचच्या माध्यमातून साडेबावन्न कोटी डॉलरच्या कर्जाची सोय झाली, आणि तारण म्हणून कॅप्टन अमेरिका, ब्लॅक पँथर इत्यादी दहा व्यक्तिरेखांचे चित्रपटहक्क ठेवण्यात आले. शेतकऱ्याने जमीन गहाण टाकावी तसे नायक गहाण पडले. २००८ मध्ये ‘आयर्न मॅन’ आला. श्रेयनामावली संपल्यावर निक फ्युरी येऊन एका मोठ्या गोष्टीची चाहूल देतो, ते दृश्य म्हणजे प्रेक्षकाच्या हाती दिलेली वायद्याची चिठ्ठी होती. २००९ मध्ये डिस्नेने ही कंपनी सुमारे ४०० कोटी डॉलरला घेतली.

ही चिठ्ठी अकरा वर्षांत बावीस चित्रपटांनी वठवली. या काळाचे वैशिष्ट्य असे की, काळ पुढे सरकत होता. नट वयाने वाढत होते, पात्रे एकमेकांशी भांडत होती, हरत होती. एकोंनी सांगितलेली कोंडी येथे काही काळ फुटली, कारण कॉमिक्समधील रेखाचित्र म्हातारे होत नाही, पण रॉबर्ट डाउनी ज्युनियर होतो. २०१८ च्या ‘इन्फिनिटी वॉर’च्या अखेरीस निम्मे विश्व धूळ झाले, त्यात स्पायडरमॅनही गेला. त्याचा पुढील चित्रपट ठरला असल्याचे जाणकार प्रेक्षकांना माहीत होते. तरीही चित्रपटगृहांत लोक स्तब्ध झाले. ‘एंडगेम’मध्ये टोनी स्टार्क मेला तेव्हा तो परत येणार नाही असे लोकांनी मानले, आणि निरोप द्यायला ते आले. ख्रिस्तोफर नोलन यांच्या बॅटमॅनत्रयीलाही असाच आखीव शेवट होता. २००५ मध्ये ३७ कोटींवर थांबलेल्या या मालिकेने २००८ आणि २०१२ च्या भागांत प्रत्येकी १०० कोटींचा टप्पा गाठला.

यानंतर काय झाले? २०२० मध्ये साथीमुळे चित्रपटगृहे बंद राहिली आणि डिस्नेला घरबसल्या पाहण्याच्या नव्या सेवेसाठी माल हवा होता. २०२१ या एकाच वर्षी मार्व्हलचे चार चित्रपट आणि पाच मालिका आल्या. २०१८ मध्ये मेलेले व्हिजन आणि लोकी या मालिकांतून परतले. समांतर विश्वांची कल्पना आल्यावर कोणत्याही मृत्यूला दुसऱ्या विश्वातील प्रत उपलब्ध झाली. आरंभी तिचे फळ गोड होते : डिसेंबर २०२१ च्या ‘स्पायडरमॅन : नो वे होम’ने आधीच्या दोन मालिकांतील स्पायडरमॅन परत आणून १९० कोटी डॉलरहून अधिक मिळवले. पण ही पूर्वजांची पुंजी होती. २०२३ मध्ये ‘अँट-मॅन’चा तिसरा भाग दुसऱ्या आठवड्यात सुमारे ७० टक्के घसरला. त्याच वर्षीच्या ‘द मार्व्हल्स’ची घसरण ७८ टक्क्यांची होती, आणि त्याची एकूण कमाई सुमारे २० कोटी ६० लाख डॉलर. याच नायिकेच्या २०१९ च्या ‘कॅप्टन मार्व्हल’ने ११३ कोटी मिळवले होते, तो चित्रपट ‘इन्फिनिटी वॉर’ आणि ‘एंडगेम’ यांच्यामध्ये आला होता आणि त्या अपेक्षेच्या लाटेवर तरला होता. नटांच्या संपामुळे ‘द मार्व्हल्स’ची प्रसिद्धी अडली, हे खरे. परंतु त्यातील अन्य दोन नायिका समजून घेण्यासाठी दोन मालिका पाहिलेल्या असाव्या लागत, हेही खरे. उत्साहाचे रूपांतर गृहपाठात झाले होते. डिस्नेचे प्रमुख बॉब आयगर यांनीही त्या वर्षी कबूल केले की, मालिकांच्या भाराने लक्ष पातळ झाले.

या पडत्या काळात टिकलेले अपवाद पाहण्यासारखे आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये चॅडविक बोझमन या अभिनेत्याचे निधन झाले. त्याच्या जागी दुसरा नट न घेण्याचे ठरले आणि २०२२ चा ‘ब्लॅक पँथर : वाकांडा फॉरेव्हर’ राजाच्या अंत्ययात्रेने सुरू झाला. हा मृत्यू कोणत्याही विश्वातून परत येणारा नव्हता. चित्रपटाने सुमारे ८६ कोटी डॉलर मिळवले. २०२३ मध्ये ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’चा तिसरा भाग त्या चमूचा निरोप म्हणून आला आणि सुमारे ८४ कोटींवर गेला. आमच्या प्रतिपादनाला छेद देणारे उदाहरणही नोंदवले पाहिजे. ‘लोगन’ या २०१७ च्या चित्रपटात वुल्व्हरिनला मृत्यू आला होता. २०२४ च्या ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’च्या आरंभी डेडपूल त्याची कबर उकरतो आणि त्याच्याच हाडांनी शत्रूंना झोडपतो. या चित्रपटाची कमाई १३३ कोटींवर गेली. येथे निर्मात्यांनी लपवाछपवी सोडून, आम्ही पैशासाठी मढे उकरतो आहोत, असे प्रेक्षकाच्या तोंडावर हसत सांगितले, आणि प्रेक्षकही हसला. परंतु असा विनोद पुनःपुन्हा करता येत नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये, सॅन दिएगोच्या मेळाव्यात, डाउनी ज्युनियर नव्या मुखवट्याआड खलनायक म्हणून मार्व्हलमध्ये परतणार असल्याचे जाहीर झाले. चाहत्यांनी जल्लोष केला. २०१९ मध्ये ज्यासाठी अश्रू ढाळले तोच चेहरा परत येतो आहे, याचा हा आनंद होता. आणि आधीच्या अश्रूंची किंमत त्यामुळे कमी होते, हे त्या जल्लोषात कोणाच्या ध्यानात आले नसावे.

चाहत्यांच्या संघटित बळाची कथाही येथे जोडून पाहता येईल. २०१७ च्या ‘जस्टिस लीग’ने निराश झालेल्यांनी झॅक स्नायडरच्या मूळ आवृत्तीसाठी वर्षानुवर्षे मोहीम चालवली, आणि मार्च २०२१ मध्ये चार तासांची ती आवृत्ती घरबसल्या पाहण्यासाठी आली. मोहीम जिंकली, पण त्या आवृत्तीत पेरलेली कथा पुढे गेली नाही. २०२५ मध्ये जेम्स गन यांनी नवा ‘सुपरमॅन’ नव्या नटासह आणला. त्याने सुमारे ६१ कोटी मिळवले.

मृत्यू आणि सातत्य यांचा मेळ घालण्याचा एक जुना मार्ग आपल्या वाचकांना परिचित आहे. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्मिलेला फँटम इंद्रजाल कॉमिक्समधून ‘वेताळ’ म्हणून आपल्याकडे आला. वेताळ अमर आहे असे जंगल मानते; वास्तवात प्रत्येक वेताळ मरतो आणि मुलगा बापाचा मुखवटा चढवतो. येथे मृत्यू खरा असतो आणि परंपराही. मार्व्हलनेही हा मार्ग चोखाळला : कॅप्टन अमेरिकाची ढाल सॅम विल्सनकडे गेली. मात्र २०२५ च्या त्याच्या चित्रपटाने ४१ कोटींपर्यंतच मजल मारली. वेताळाचा चेहरा वाचकाने कधी पाहिलेलाच नसतो, म्हणून वारसा सहज पचतो. चित्रपटाने आधी चेहऱ्यावर प्रेम करायला शिकवले, मग तो चेहरा काढून घेतला. नव्या चेहऱ्याला तितकाच वेळ द्यावा लागेल, आणि तिमाहीच्या ताळेबंदाजवळ नेमका तो वेळ नसतो.

या प्रश्नाकडे साहित्याच्या अध्यापकांनी का पाहावे, असे कोणी विचारील. आमच्या वर्गांत बसणाऱ्या पिढीने दीर्घ कथनाचा पहिला अनुभव कादंबरीतून घेतलेला नाही. तो या चित्रपटमालिकांतून घेतला आहे. पात्र वर्षानुवर्षे सोबत करते म्हणजे काय, आणि ते गेल्यावर रिकामे वाटते म्हणजे काय, हे त्यांना टोनी स्टार्कने शिकवले. तो अनुभव खरा आहे, आणि त्याला हसणे अध्यापकाला शोभणारे नाही. पण प्रत्येक शोकानंतर ‘पुढील भागात परत’ अशी पाटी लागत राहिली, तर मृत्यूला अर्थ असतो हेच मुळी पटेनासे होईल. मग यमूची कहाणी वाचतानाही विद्यार्थी पुढील भागाची वाट पाहील. व्यासांनी मौसलपर्वात प्रत्यक्ष कृष्णाला एका व्याधाच्या बाणाने जाऊ दिले. ती कथा त्यानंतर कोणाच्याही तारणाशिवाय चालत आली आहे.